शेवट आधी सांगणारी मावशी

मावशीला खुनी पहिल्या दहा मिनिटांत कळायचा, आणि कळला की ती सांगून टाकायची. "हा जावई. ह्यानंच केलाय. तू बगत बस आता चार तास," असं म्हणून ती माझ्या हॉलच्या लादीवर डोक्याखाली हात घेऊन आडवी व्हायची. मी आठ भागांची मालिका मोठ्या हौसेनं सुरू केलेली, आलं घालून चहा आणलेला, आणि पहिल्याच घोटाला हिनं माझा विरस करून ठेवलेला! बरं, चुकावं ना कधीतरी? तीन वर्षांत ती दोनदा चुकली. त्या दोन्ही मालिकांचे शेवट इतके भिकार होते की चूक लिहिणाऱ्याची होती, मावशीची नव्हती, असं मी आजही म्हणेन.

ती पाचूबंदरची. वसईच्या किल्ल्याजवळच्या बंदरावर सकाळच्या लिलावात मासळी घ्यायची आणि विरार पूर्वेला, आमच्या चंदनसारला येऊन इमारतींतून दारोदार विकायची, असा तिचा आठवड्यातून चार दिवसांचा नेम. वाटेत एवढी गिऱ्हाइकं सोडून इतक्या लांब का येतेस, असं मी एकदा विचारलं. "हितं मला कोन वळखत नाय," ती म्हणाली, "बरं वाटतं." मला वाटलं, थट्टा करतेय. मला तिचं सगळंच थट्टा वाटायचं, हीच तर रड आहे.

दुपारी एकला तिची पाटी रिकामी व्हायची आणि माझी जेवणाची सुट्टी व्हायची. मी एका कंपनीचं काम घरून करते, नवरा दिवसभर ऑफिसात. पहिल्यांदा ती पाणी प्यायला म्हणून आत आली, तेव्हा टीव्हीवर एक पोलीस अधिकारी मेलेल्या बाईच्या घरात फिरत होता. मावशी तांब्या हातात धरून उभीच राहिली. "अगो, तो बगतोय कुठं?" ती वैतागून म्हणाली. "मोरीत बग ना मेल्या!" पुरावा मोरीतच निघाला. दुसऱ्या दिवसापासून तिची पाटी गच्चीच्या जिन्यात आणि मावशी माझ्या हॉलमध्ये, असं ठरूनच गेलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी वासाची तक्रार केली, तेव्हा तिनं त्यांना दोन बोंबील साफ करून दिले. मग वास आला नाही.

तिची पद्धत साधी होती. ती तोंडाकडे बघायचीच नाही, हात बघायची. "तोंड सगळ्यांनाच करता येतं. हात नाय करता येत." सुरी कशी धरली, कडी कशी लावली, मेलेल्याच्या घरी जाऊन चहाचा कप कसा उचलला, यावर तिचा निकाल लागायचा. एका मालिकेत डॉक्टरीण बाईवर नवऱ्याचे तुकडे केल्याचा संशय होता, तर मावशीनं तिला साफ निर्दोष सोडलं. "हिला सुरमई तरी कापता येईल काय? बोट कापून घेईल." आणि खरंच, तुकडे केले होते घरातल्या स्वयंपाक्यानं. मी तिला हात जोडले.

तिला खरी आवडायची ती मात्र दुसरीच गोष्ट, मोठ्या माणसांसाठीचं एक वाह्यात कार्टून. त्यात एक जाडा प्लंबर, त्याची तोंडाळ बायको आणि पाईपमध्ये राहणारा बोलका उंदीर. शिव्या तर अशा की मी खिडकी लावून बघायची. ते इंग्रजीत, म्हणून मी तिला शिव्यांचा अर्थ सांगायची, तर ही निराश! "एवडंच? ह्याला शिवी म्हंतात?" आणि बंदरावरची एखादी अस्सल ऐकवायची, की मला ठसका लागायचा. तो प्लंबर दर भागात मरायचा. कधी टाकीत बुडून, कधी विजेचा झटका बसून, एकदा तर लग्नाच्या केकखाली चेंगरून. पुढच्या भागात पुन्हा सोफ्यावर हजर, बायकोकडे जेवण मागतोय. मावशी टाळी द्यायची. "हे बरं हाय. गेला तरी येतो. दुसऱ्या दिवशी जेवायला बसतो." मी हसायची. ती पण हसायची, पण भाग संपल्यावर म्हणायची, "आनखी एक लाव. आला का ते बगू."

आता माझ्याबद्दल सांगते. ते सांगायला जीभ जड होते, पण त्याशिवाय मावशीबद्दल काही सांगण्याचा मला अधिकारच नाही.

मी आणि माझ्या दोन मैत्रिणी, आम्ही फोनवर एक ग्रुप चालवत होतो. नाव 'शेवट सांगू नका'. गुन्हेगारी मालिका आणि असली कार्टुनं बघणारे लोक त्यात मतं मांडायचे, भांडायचे, तारे द्यायचे. एक दिवस मी मावशीचं बोलणं गुपचूप फोनवर टिपलं आणि 'मावशीचा निकाल' म्हणून टाकलं. अर्ध्या मिनिटाचा आवाज. लोक वेडे झाले! दर आठवड्याला मागणी सुरू झाली. मी फोन लोडाच्या मागे ठेवायची आणि तिला मुद्दाम डिवचायची, म्हणजे ती आणखी फटकळ बोलेल. खाली लोक तिची नक्कल करून लिहायचे, 'पानी', 'कोन', 'मेल्या'. मी त्यावर हसण्याची चिन्हं टाकायची. कुणी विचारलं, ही खरी आहे का, तर मी लिहिलं, 'शंभर टक्के खरी, आमची कोळीण आहे.' आमची! जशी काही मी तिला विकत घेतली होती.

नवऱ्यानं एकदा विचारलं, "तिला माहीत आहे का हे?" मी म्हटलं, "तिला काय कळणार आहे त्यातलं?" हे वाक्य माझं आहे. जिचा खुनाचा अंदाज तीन वर्षांत जेमतेम दोनदा चुकला, तिला काय कळणार आहे, असं मी बोलले.

तिची एक चाल मात्र मला कळत नव्हती. ती पक्की ख्रिस्ती. रविवारची मिस्सा कधी चुकली नाही, गळ्यात क्रूस. पण सर्वपित्री अमावस्येला ती माझ्याकडे मूठभर वरणभात मागायची, खिडकीबाहेरच्या पत्र्यावर ठेवायची आणि कावळा येईपर्यंत तिथून हलायची नाही. "तुमच्यात असतं काय हे?" मी चिडवायची. "आमच्यात नाय," एवढंच उत्तर. कावळा शिवला की ती क्रूसाची खूण करायची. मी त्याचाही किस्सा ग्रुपवर टाकला होता. खूप चालला तो.

मग तो दिवस आला. मालिकेत एका बाईला शवागारात नेतात. पांढरी चादर बाजूला होते, बाई हंबरडा फोडते, "हो, हेच ते!" मी डोळे पुसत होते. मावशी उठून बसली. "खोटं बोलते ती. तो तिचा नाय."

"कशावरून?"

"तिनं पाय नाय बगितले. आपला मानूस असला तर बाई आधी पाय बगते. जिला माहीत असतं की हा आपला नाय, ती बगत नाय."

दोन भागांनंतर तेच निघालं. मी उडालेच! फोन लोडाच्या मागे चालूच होता. मी म्हटलं, "मावशी, हे तुला कसं कळलं? खरं सांग." आणि मावशीनं खरं सांगितलं.

बावीस-तेवीस वर्षं झाली. तिचा नवरा इनास, होडीवरून लाटेनं ओढून नेला. बाकीचे चौघे परत आले. नवव्या दिवशी पोलिसांचा निरोप आला, वरच्या अंगाला एका किनाऱ्यावर प्रेत लागलंय, ओळख पटवायला या. दीर सोबत गेला, पण दारातच त्याला उलटी झाली. ती एकटी आत गेली. "तोंड नव्हतंच गो. पान्यात र्‍हात नाय तोंड. मी पाय बगितले. इनासच्या डाव्या अंगठ्याला नख नव्हतं, लहानपनी दोरात सापडलेला. ह्याला नख होतं. कमरेला काळा करदोटा होता. आमच्यात नाय घालत. मी तो तोडला, मुठीत घेतला, नि बाहेर येऊन सायबाला बोलले, हो, हाच माझा."

मी विचारलं, का.

"सासू नऊ दिवस जेवली नव्हती. दार लावू देत नव्हती. ताट वाढून ठेवायची. रॉकी माझा सहा वरसांचा, तो पन दारात बसायचा. त्यांना कायतरी नेऊन द्यायला पायजे होतं." मग म्हणाली, "नि त्या मानसाला पन कोन नव्हतं. तीन दिवस पडून होता. कोनी तरी रडायला पायजे ना? मी रडले. चर्चमागं पुरला त्याला, इनासचं नाव घालून. पन त्याची बायको असंल ना कुठं तरी, बाय? ती अजून दार उघडं ठेवून बसली असंल. ते माझ्या माथी हाय." मी पाणी आणून दिलं. ती म्हणाली, "घरात कोनाला ठावं नाय. हितं माझं कोनी नाय, म्हनून बोलले."

कावळ्याचा घास कुणासाठी होता ते मला त्या क्षणी कळलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, हे खोटं नाही. आणि संध्याकाळी मी ते ग्रुपवर टाकलं, हेही खोटं नाही.

स्वतःची बाजू मांडायला मी पुष्कळ दिवस शब्द शोधले, एकही टिकला नाही. मी ते दोनदा ऐकलं. सुरुवातीचं पाचूबंदरचं नाव कापलं. कापलं, म्हणजे मला कळत होतं! इनासचं नाव तीनदा होतं, ते राहिलं, आणि तिचा आवाज तर पूर्ण होता. वर मी मथळा दिला, 'मावशीचा निकाल: खऱ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा ट्विस्ट'. रात्री झोपेपर्यंत मी किती जणांनी ऐकलं ते बघत होते. लोकांनी पाचपैकी पाच तारे दिले. एकानं लिहिलं, 'दुसरा भाग कधी?'

ग्रुपवरून ते कुठं कुठं गेलं कुणास ठाऊक. पुढच्या आठवड्यात मावशी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी स्वतःला सांगितलं, ताप आला असेल. खाली दुसरी एक कोळीण पाटी घेऊन येऊ लागली. मी तिला विचारलं, तर तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं. "तूच का ती टीव्हीवाली?" असं म्हणाली आणि पाटी उचलून चालती झाली.

मी पाचूबंदरला गेले. उन्हात बोंबील वाळत होते, बायका लिलावाची जागा धूत होत्या. मी मावशीचं घर विचारलं तशी त्यांच्या हातातल्या बादल्या थांबल्या. एकीनं नुसतं बोट दाखवलं. घरापुढं एक दांडगा माणूस जाळं दुरुस्त करत बसला होता. रॉकीच, ओळख करून द्यावी लागली नाही. त्याचे हात मावशीसारखे होते.

मी माझं नाव सांगितलं आणि माफी मागायला लागले. त्यानं मान वर केली नाही. "माझी आजी मरताना बोलली, मला माझ्या पोराजवळ ठेवा," तो जाळ्याकडे बघत म्हणाला. "आमी तीच कबर उगडली नि तिला त्यात ठेवली. मी माझ्या पोरांना दर वरसाला तितं नेतो, मेनबत्ती लावाला सांगतो, हा तुमचा आजा. आता काय सांगू? माझी आजी कोनाजवळ निजलीय?"

मला वाटलं, ह्यानं उठून दोन शिव्या द्याव्यात, बंदरावरच्या अस्सल. त्यानं दिल्या नाहीत. "आईनं मला सांगितलं असतं तर मी समजून घेतला असता," तो म्हणाला. "मला ते नाक्यावर एका पोरानं ऐकवलं. हसत हसत."

मावशी आतून बाहेर आली. आमच्या घरी ती आडवी पडायची, फतकल मारून बसायची, हसताना मला चापट मारायची. इथं ती परक्या घरात आल्यासारखी भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिचे पाय धरायला वाकले, तर तिनं पाय मागे घेतले. "ते नको," म्हणाली. मी रडायला लागले. रडणंसुद्धा मला शोभत नव्हतं, पण आलं. मी म्हटलं, "मावशी, मी आत्ताच्या आत्ता काढून टाकते ते. माझ्याकडचं तरी काढते. सगळंच काढते."

"किती लोकांनी ऐकलं?"

"खूप," मी म्हटलं. आकडा मला तोंडपाठ होता, पण तो मला उच्चारवला नाही.

"त्यात कोन बोललं काय?" ती पुढं झाली. "कोनी बाई? तो माझा होता म्हनून?"

मला आधी प्रश्नच उमगला नाही. मग उमगला, आणि तिथंच जमिनीनं मला पोटात घ्यावं असं झालं. एवढी बेअब्रू झाली, पोरगा बोलेना, गाव कुजबुजतंय, आणि ही बाई इतके दिवस घरात बसून एकाच गोष्टीची वाट बघत होती. मी खालचं सगळं लिहिलेलं वाचलं होतं. तारे होते, हसू होतं, तिच्या बोलण्याची नक्कल होती. मी म्हटलं, "नाही मावशी. कुणी नाही बोललं."

"मग काढू नको," ती म्हणाली. "र्‍हाऊ दे."

"आई!" रॉकी ओरडला.

"र्‍हाऊ दे रे. आता झाकायचं काय उरलंय? आपल्याला कळलं तसं तिला पन कळूदे." मग ती आत गेली आणि कंबरेचा बटवा घेऊन आली. त्यात करदोटा होता, काळ्याचा तपकिरी झालेला, आणि त्यात ओवलेली बोटाच्या पेराएवढी पितळी किल्ली. कुठल्या तरी पेटीची असावी. ह्या किल्लीबद्दल तिनं मला त्या दिवशीही सांगितलं नव्हतं. "ह्याचा फोटो काढ. नि लिव."

मी उंबऱ्यावर बसून लिहिलं, ती उभ्यानं सांगत गेली. उंची रॉकीएवढी. पायांची बोटं लांब, अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा मोठं. उजव्या गुडघ्याखाली भाजल्याचा जुना डाग. हात कष्टाचे, पण कोळ्याचे नव्हेत, तळव्याला दोराचे घट्टे नाहीत. पंचविशीचा असेल, तिशीचा असेल. दोन दशकं तिनं एका अनोळखी माणसाचा देह एवढा नीट जपून ठेवला होता. माझ्या हॉलमध्ये ती हातांवरून माणसं ओळखायची आणि मी लोडामागून तिला टिपत होते! लिहून झालं तसं मी वाचून दाखवलं. तिनं एक दुरुस्ती सांगितली, "मेला, असं नको लिवू. सापडला, लिव."

निघताना मी विचारलं, "येशील ना चंदनसारला?" तिनं मान हलवली. "तितं पन आता सगळी वळखतात," म्हणाली. रागानं नव्हे. रागावली असती तर मी तो राग घेऊन घरी गेले असते आणि हळूहळू विसरलेही असते.

ती पुन्हा आली नाही. त्या दुसऱ्या कोळणीकडून अधूनमधून कळतं. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी रॉकी कबरीवर आला होता म्हणे. मुलांना घेऊन आला, एक मेणबत्ती लावली ती आजीच्या बाजूला, आणि लांब जाऊन उभा राहिला. धाकट्या नातीनं मावशीच्या हातातली दुसरी मेणबत्ती घेतली आणि पलीकडे लावली. तिथल्या त्या माणसाला तिनं काय म्हणायचं ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

ग्रुप मी बंद केला नाही. करता येत नाही. 'मावशीचा निकाल' नावाचं बाकी सगळं मी काढून टाकलं, एवढं एक ठेवलंय. मथळा काढला, त्या जागी तिनं सांगितलेलं वर्णन घातलं, किल्लीचा फोटो घातला. 'हा माणूस तुमचा असेल तर कळवा', आणि खाली माझं खरं नाव, म्हणजे पहिल्यांदा ते कुणी टाकलं हेही दिसावं. सगळ्यात घाण वागले त्याचा पुरावा मी रोज सकाळी स्वतः उघडते, कारण तिनं तो ठेवायला सांगितलाय. तिनं मला शिक्षा म्हणून तसं सांगितलं नाही. शिक्षा देण्याएवढी मी तिच्या मनात उरलेच नव्हते, तिला त्या बाईची पडली होती.

लोक अजून हसण्याची चिन्हं टाकतात. मी एकेक वाचते, बाईचं नाव दिसलं की पुन्हा पहिल्यापासून वाचते. ती किल्ली माझी आहे, असं अजून कुणी लिहिलेलं नाही. सर्वपित्रीला आता मी खिडकीबाहेरच्या पत्र्यावर वरणभात ठेवते. यंदा कावळा खूप वेळ आला नाही. दोन वाजून गेले, माझी सुट्टी संपली, कंपनीचा फोन वाजायला लागला, मी तिथंच उभी होते.